यारीला खुंटा लागतो

आबा टोचनाचे पैसे घेत नाहीत. घेतले असते तर आजवर मी फार स्वस्तात सुटलो असतो.

दरवर्षी जुलैत, पिकं वीतभर झाली की माझी जीप आमच्या पाणंदीत बसते. कुणी रुतली म्हणतात, कुणी फसली म्हणतात. पण नेमका शब्द बसली हाच. म्हैस बसते तशी बसते. तिला वाटेल तिथे आणि वाटेल तितका वेळ. मग मी चपला हातात घेऊन, प्रत्येक पायाला दोन-दोन किलो काळी माती घेऊन आबांच्या वस्तीवर जातो. आबा ओट्यावरच असतात. माझ्या पायांकडे बघून विचारतात, "बसली का?"

"बसली."

"मग तुम्हीबी बसा. च्या घ्या."

चहा घ्यावाच लागतो. तो होईपर्यंत जीप आणखी चार बोटं खाली गेलेली असते. मग आबा हेड काढतात. (शहरातल्या वाचकांसाठी : ट्रॉली न जोडलेल्या ट्रॅक्टरला आमच्याकडे हेड म्हणतात. त्याच न्यायाने मागची ट्रॉली म्हणजे धड म्हणायला हवी, पण तसं कुणी म्हणत नाही.) साखळी लागते, हेड एकदा गुरगुरतं आणि जीप आईच्या कडेवरून उतरावं तशी नाखुशीने बाहेर येते. मी खिशात हात घातला की आबा दुखावतात. "सर, आता शेजारधर्माचं बी बिल करायलात का?"

आणि मग ते फाट्यावरच्या हॉटेलात जाऊन सगळ्यांना सांगतात. जुलैमध्ये जीप चाकाच्या अर्ध्यापर्यंत बसलेली असते. नागपंचमीला ती दाराच्या कडीपर्यंत जाते. पोळ्याला आबांनी टपावर पाय देऊन मला आतून काढलेलं असतं. गेल्या पोळ्याला मी हे सगळं शेजारच्या बाकावर बसून, भजी खाता खाता, स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि ठरवलं, आता विंच घ्यायचा.

घरी हे जाहीर केल्यावर बराच वेळ गैरसमजात गेला. आईला वाटलं मी विंचू म्हणतोय. पाटोद्याच्या बाजूला विंचरणा नावाची नदी आहे, सौताड्याला तिचा धबधबा पडतो, तिकडचं काहीतरी असेल असं शेजारच्या काकूंनी सुचवलं. शेवटी मी सांगितलं की जीपच्या पुढच्या बंपरला बसवायचं ते यंत्र आहे. त्यात एक मोटर, एक ड्रम, ड्रमला तारेचा दोर. दोराचं टोक झाडाला बांधायचं, बटण दाबायचं, की गाडी स्वतःलाच ओढून घेते.

बायको म्हणाली, "अहो, बीड जिल्ह्यात?"

तिचं म्हणणं रास्त होतं. आमची ओळख दुष्काळाची. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आमच्याकडेही फेब्रुवारीपासून रस्त्यावर पाण्याचे टँकर दिसायला लागतात. अशा मुलखात चिखलातून गाडी काढायचं यंत्र घेणं म्हणजे राजस्थानात नाव बांधायला टाकण्यासारखं. पण ज्याने काळी माती एकदा पाहिली आहे, म्हणजे नुसती काचेतून नव्हे, गुडघ्यापर्यंत पाहिली आहे, तो हसणार नाही. बेसाल्टचा खडक झिजून झालेली ही माती. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की एकदा माझी किल्ली भेगेत पडली ती काढायला तार वाकवून आकडा करावा लागला. आणि त्याच जागी जुलैत दोन पाऊस झाले की ती टायरच्या खाचांत अशी भरते की नक्षीचं टायर वरवंट्यासारखं गुळगुळीत होतं. मग फोर बाय फोर असो की एट बाय एट, सगळे वरवंटे एकाच जागी फिरत बसतात. शेतकऱ्याकडे यावर एकच उपाय आहे, वाफसा येईपर्यंत थांबणे. पण कॉलेजची घंटा वाफसा बघून होत नाही.

तर विंच.

पुण्याला माझा भाचा असतो. तो आठवडाभर संगणकावर काम करतो आणि रविवारी मुद्दाम चिखलात गाडी घालतो. 'ऑफरोडिंग' हा छंद आहे, त्याला पैसे पडतात, हे त्याने मला सांगितलं तेव्हा आमच्या पाणंदीला तिकीट लावायचा विचार माझ्या मनात आला होता. गोव्यात २०१४ पासून भर पावसात 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' नावाची स्पर्धा होते, तिथे लोक देशभरातून गाड्या घेऊन चिखलात बसायला येतात आणि विंचने स्वतःला बाहेर काढतात, हेही त्यानेच सांगितलं. मी आबांना हे सांगितलं. आबा म्हणाले, "आन् मग बक्षीस कुणाला? बसनाराला का काढनाराला?"

भाचा म्हणाला, "मामा, पहिला नियम. गाडीचं भरलेलं वजन गुणिले दीड. त्याच्या खालचा विंच घ्यायचा नाही."

भरलेलं वजन किती, हे कागदपत्रात असतं. पण मी भौतिकशास्त्राचा मास्तर. अंबाजोगाईच्या एका ज्युनिअर कॉलेजात सव्वीस वर्षं बल, घर्षण आणि कप्पी शिकवतो. मोजल्याशिवाय माझं समाधान होत नाही. जीप घेऊन वजनकाट्यावर गेलो. मागे डीएपीच्या दोन गोण्या, युरियाची एक, स्टेपनी, पाण्याचा कॅन, फवारणीचा पंप, मी, बायको. काट्यावरच्या पोराने विचारलं, "माल काय?" बायको म्हणाली, "हे."

दोन हजार एकशे साठ किलो. गुणिले दीड, बत्तीसशे चाळीस. विंच मात्र पौंडात विकतात, कारण ही विद्या अमेरिकेतून आली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे लष्कराच्या जीपा स्वस्तात निघाल्या. त्यांना नागरी रस्त्यावर चालवण्याजोगं करणारे हब बनवायला आर्थर वॉर्न नावाच्या गृहस्थाने १९४८ मध्ये सिअ‍ॅटलजवळ धंदा सुरू केला आणि १९५९ मध्ये त्याच्याच कंपनीने हौशी जीपवाल्यांसाठी विजेवरचा विंच काढला. त्यांचा '८२७४' नावाचा विंच गाजला : आठ हजार पौंडांचा आणि १९७४ सालचा म्हणून ८२७४. वॉर्न हे नाव ऐकून आबांचा नातू म्हणाला, "तो फिरकीवाला?" मी म्हटलं, तो नव्हे, पण हाही फिरवूनच काढतो.

आठ हजार पौंड म्हणजे छत्तीसशे किलो, हिशोबात बसतं. पण भाच्याचा दुसरा नियम असा की चिखलात वजनापेक्षा चिकटणं महागात पडतं. गाडीचं पोट मातीला टेकलं की ती नुसती जड राहत नाही, माती तिला खालून धरून ठेवते. तेव्हा साडेनऊ हजार पौंड, म्हणजे त्रेचाळीसशे किलो. मी म्हटलं, मग बारा हजाराचाच घेऊ. भाचा म्हणाला, तो आणखी जड, आणखी करंट खातो आणि पुढचं तोंड खाली गेलं की गाडी आणखी लवकर बसेल. एकूण, विंच मोठा घेतला की विंचमुळेच बसाल. साडेनऊवर शिक्कामोर्तब झालं.

आता कुठला, हा प्रश्न उरला. मोबाइलवर बघितलं तर साडेनऊ हजार पौंडांचे विंच पंचवीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत. सगळ्यांवर तोच आकडा, सगळे जलरोधक, सगळे 'हेवी ड्यूटी'. लग्नाच्या बायोडाट्यासारखं : मुलगी गृहकृत्यदक्ष, मुलगा निर्व्यसनी. चौकशी करायची तर गावातच करावी, म्हणून मी यारीवाल्या चाचांकडे गेलो.

चाचांकडे जायचं मला इतके दिवस सुचलं कसं नाही, याचं आता आश्चर्य वाटतं. आमच्या भागात विहीर खोदायची म्हणजे यारी लागते. खाली सुरुंग उडतो, मजूर दगड बकेटात भरतात आणि वर डिझेल इंजिनवरची यारी ते बकेट वर घेते. पन्नास-साठ फुटांवरून, दिवसाला शेकडो खेपा, आणि खाली माणसं. म्हणजे ज्याला मी सहा महिने इंग्रजीत वाचत होतो तो विंच आमच्या पंचक्रोशीत माझ्या लहानपणापासून उभा होता. फक्त आडवा ओढायच्या ऐवजी उभा ओढत होता. त्याच्याही आधी मोट होती. बैल धावेवरून खाली उतरायचे, नाडा चाकावरून कुरकुरत वर यायचा आणि थारोळ्यात पाणी पडायचं. तोही विंचच, मोटर दोन, शिंगांसहित.

चाचांनी माझा कागद वाचला. पौंड, अँपिअर, गिअर रेशो. मग कागद घडी करून माझ्या खिशात ठेवला.

"सर, हे साडेनऊ हजार कुठल्या वळ्यावर?"

मला प्रश्नच कळला नाही. चाचा उठले आणि यारीच्या ड्रमपाशी घेऊन गेले. ड्रमवर तार भरलेली होती, एकावर एक चार थर. त्यांनी बोटाने सगळ्यात खालचा थर दाखवला. "ड्रम उपाशी आसंल तर ओढतो. जसजसं पोट भरतं तसतसा आळशी होतो. मानसासारखंच हाय."

मी तिथेच उभा राहिलो. टॉर्क बरोबर बल गुणिले त्रिज्या. सव्वीस वर्षं मी हे फळ्यावर लिहितोय, पेपरात पाच मार्कांना विचारतोय. टॉर्क तोच, तारेचे थर चढले की त्रिज्या वाढते, मग बल घटणारच. विंचवर छापलेला आकडा पहिल्या थराचा असतो. चौथ्या थरावर बऱ्याच विंचांचा जोर साठ-पासष्ट टक्क्यांवर येतो. म्हणून चिखलात बसल्यावर शहाण्याने जवळचा खुंटा न शोधता लांबचा शोधायचा, म्हणजे तार जास्त सुटते आणि ड्रम उपाशी राहतो. तरी शेवटचे पाच वेढे सोडायचे नाहीत. टोकाचा स्क्रू तार जागेवर ठेवण्यापुरता असतो, ओढ सोसायला नव्हे. ओढ सोसतात ते हे पाच वेढे, घर्षणाने. हेसुद्धा मी शिकवतो. चाचांनी शाळा चौथीत सोडली होती.

मग मोटर. माझ्या कागदावर दोन प्रकार होते. एक कायमच्या चुंबकाची. ती करंट कमी घेते आणि स्वस्त पडते, पण सलग ओढलं की तापते. दुसरी सिरीज वाउंड. जास्त खाते, पण दमानं काम करते. साडेपाच हॉर्सपॉवर. म्हणजे विहिरीवरच्या पाचच्या पंपाहून अर्धा घोडा जास्त. फरक इतकाच की तो पंप तीन फेजवर सात-आठ अँपिअरमध्ये भागवतो आणि हा विंच बारा व्होल्टवर पूर्ण ओढीला चारशेच्या आसपास मागतो. माझ्या जीपची बॅटरी सत्तर अँपिअर-तासांची. कागदावर दहा मिनिटं, प्रत्यक्षात त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत, आणि इंजिन चालू ठेवलं तरी अल्टरनेटर मागून चमच्याने भरत असतो. म्हणून मिनिटभर ओढायचं, मग थांबायचं, हात लावून बघायचं, पुन्हा ओढायचं. भारनियमनात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

"चुंबकाची नगं," चाचा म्हणाले. "आन् दुसरी घेतली तरी उघडून बगितल्याबिगर घेऊ नगा. कार्बन कोनते बसतात? इथं मिळतात का? बेरिंगचा नंबर काय? आपल्या रिवाइंडिंगवाल्यानं आतून बगितलीय का कधी?"

विश्वासार्ह म्हणजे काय, यावर मी खूप वाचलं होतं. पाण्यात बुडवून केलेल्या चाचण्या, आयपी सदुसष्ट, आयपी अडुसष्ट. चाचांच्या लेखी विश्वासार्ह मोटर म्हणजे न जळणारी मोटर नव्हे. अशी मोटर अजून जन्माला यायची आहे, असं त्यांचं मत. जळाल्यावर जी तालुक्याच्या गावात संध्याकाळपर्यंत भरून मिळते ती विश्वासार्ह. आमच्याकडे शेतकरी पाणबुडी पंप घेतो तेव्हा कंपनीची पाटी शेवटी बघतो. आधी विचारतो, हिचं भरणारा कुठाय? मला हे पटलं. मी मुलांना कायम सांगतो की व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहा.

दोन विंच निवडले होते. रिवाइंडिंगच्या दुकानात दोन्हींच्या आतल्या भागांची चित्रं दाखवली. दुकानदाराने एकाकडे बघून मान हलवली आणि दुसऱ्याकडे बघून म्हणाला, "हा आपल्या सेल्फ स्टार्टरचाच मोठा भाऊ. आणा कधीबी." बायोडाट्यातली दुसरी मुलगी पसंत पडली. पहिल्याच्या पेटीवर आयपी अडुसष्ट होतं. पण ते लिहिलेलं स्टिकर फोटोतच एका कोपऱ्यातून सुटलं होतं.

आता दोर. इथे घरात दोन तट पडले.

एक पोलादी तार, आठ मिलिमीटर जाड, अठ्ठावीस मीटर लांब. दुसरा कृत्रिम दोर. तो असतो पॉलिइथिलीनचा. ज्या पॉलिथिनच्या पिशवीवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली त्याच घराण्यातला, पण रेणूंची साखळी इतकी लांब की पोलादाला भारी पडतो. वजनाला तारेच्या सातव्या हिश्शाएवढा, पाण्यावर तरंगतो, तुटला तर तारेसारखा उसळत नाही. भाच्याचं मत अर्थात दोराला. "मामा, तार तुटली तर माणूस कापते."

हे खरं आहे आणि ते चाचांना जास्त माहीत होतं. ताणलेल्या तारेत साठलेली शक्ती ती तुटल्या क्षणी बाहेर पडते आणि तार चाबकासारखी मागे येते. विहिरीवरच्या अपघातांच्या गोष्टी त्यांनी मला सांगितल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. त्यांनी यारीच्या तारेवरून माझा हात धरून फिरवला. एके ठिकाणी तुटलेल्या धाग्याचं कुस टचकन बोटात गेलं. "हे कुस म्हंजी तारेचं पत्र. तार आधी कळवती. दोर कळवत न्हाई."

भाच्याला मी फोनवर हे वाक्य ऐकवलं. तो म्हणाला, दोरही कळवतो, तंतू फुलून येतात. चाचा म्हणाले, आपल्या मुरमात दोन महिन्यांत फुलंल, आन् वरून आपलं ऊन. बेचाळीस अंशांत उभ्या राहिलेल्या जीपच्या तोंडावर हा दोर वर्षातले दहा महिने नुसता भाजत बसणार, हे मला दिसत होतं. शिवाय काही विंचांत ब्रेक ड्रमच्या आत असतो, तो तापला की पॉलिइथिलीनला आतून चटका. मी तार घेतली. शहरात राहून वर्षातून आठ रविवार चिखलात जाणाऱ्याने दोर घ्यावा; घरी गेल्यावर त्याची गाडी सावलीत उभी असते.

तारेचा ठरलेला नियम असा की ओढताना मध्यावर काहीतरी जड टाकायचं, म्हणजे तुटलीच तर ते वजन तिला जमिनीवर पाडतं. बाहेर त्यासाठी वेगळी पिशवी विकत मिळते. मी म्हटलं, आपल्याकडे गोधडी आहे, ओली केली की झालं.

"कुठली?" बायकोने विचारलं.

"कुठलीही जुनी."

"जुनी म्हणजे माझ्या आईने शिवलेली. तुमच्या आईच्या गोधड्या नव्याच आहेत."

अठ्ठावीस मीटर तारेवर गोधडी टाकायचा प्रश्न भौतिकशास्त्राच्या हातातून गेला, तो असा. शेवटी खताची दोन पोती एकात एक घालून, आत माती भरून काम भागवलं.

बंपरबद्दल थोडक्यात सांगतो. पुढे तो लोखंडी बुलबार लावून त्यावर विंच बसवावा अशी माझी कल्पना होती. पण केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना असल्या बुलबारांवर कारवाई करायला सांगितलं आहे. म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून मूळ बंपरच्या मागे, चासीला, जाड पट्टीचं आसन करून घेतलं. त्याने वेल्डिंग करू का म्हणून विचारलं. चाचांनी नट-बोल्टच लावायला लावले. किंमत घरात अजून कुणाला माहीत नाही. इथेही लिहीत नाही, कारण हा अंक आमच्याकडे येतो.

आषाढात पाऊस लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा जीप बसायची वाट बघत होतो आणि ती बसत नव्हती. चार दिवस तीच पाणंद, तोच चिखल, आणि जीप हसत पार. पाचव्या दिवशी मी थोडी मदत केली आणि मधल्या डबक्यात गाडी नीट घातली. बसली. बरोबर पोटावर. मी खाली उतरलो, हातमोजे घातले, क्लच सैल करून तारेचा हुक हातात घेतला आणि झाड शोधायला लागलो.

विंचवरची सगळी पुस्तकं ज्या देशांत लिहिली गेली तिथे झाडं असतात. चित्रात कायम एक देवदार असतो, त्याला रुंद पट्टा गुंडाळलेला असतो. आमच्या पाणंदीच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन. मैलभर काळी आणि वर आभाळ. डावीकडे वीस मीटरवर वेड्या बाभळीचं बेट. तिला पट्टा बांधला, बटण दाबलं आणि बाभळ मुळासकट माझ्या दिशेने निघाली. जीप आपल्या जागी. उजवीकडे कडुनिंब होता, धट्टाकट्टा, दोन पिढ्यांचा. पण तो बांधावर होता. बांध कुणाचा यावर आमचा आणि शेजाऱ्याचा दावा माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे. त्या निंबाला मी तार लावलेली कुणी बघितली असती तर पुढच्या तारखेला 'वादीने बांध ओढून नेण्याचा प्रयत्न केला' असं लिहून आलं असतं. पुढे विजेचा खांब. त्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. त्याच्या पायथ्याशी शेंदूर लावलेला म्हसोबा. त्याच्याकडे बघितलं, पण हात जोडून.

पुस्तकात यावरही उपाय आहे. तीन फूट खोल खड्डा खणायचा, त्यात स्टेपनी उभी गाडायची आणि तिला तार लावायची. मी खणायला लागलो. फावड्याला माती लागे ती पडेना. एक फुटावर खड्ड्यात पाणी आलं. दीड फुटावर मी खड्ड्यात बसलो.

आबांच्या वस्तीवर पोचलो तेव्हा ते ओट्यावरच होते.

"बसली का?"

"बसली. पण या वेळी ओढायचं नाही. विंच आहे. तुम्ही हेड आणून नुसतं समोर उभं करा."

आबांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "नुसतं उभं?"

"नुसतं उभं."

हेड आलं. पाणंदीच्या कडेला, जरा मुरमाड जागेवर, पंचवीस मीटरवर मी ते उभं करायला लावलं, म्हणजे ड्रम उपाशी राहील. मागच्या हुकात तार अडकवली, मध्यावर पोतं टाकलं, सगळ्यांना बाजूला सारलं. आबांना म्हटलं, ब्रेक दाबून धरा. इंजिन सुरू ठेवून मी रिमोटचं बटण दाबलं. तार वर उठली, ताणली गेली, तिच्यावरून चिखलाचे थेंब टपटप गळाले. मिनिटाला जेमतेम मीटरभर, असा त्या विंचचा वेग. इतक्या सावकाश कुठलीही गोष्ट बाहेर येताना मी पाहिलेली नाही. आबा हेडवर बसून, मान मागे वळवून, जळत्या डिझेलशिवाय, स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते की आपण काहीही करत नाही आहोत. मी थांबलो, मोटरला हात लावला, पुन्हा बटण. मध्ये एकदा हेडच वीतभर मागे घसरलं. आबांनी ब्रेकवर उभं राहून दात खाल्ले. जीपच्या पोटाखालून एक मोठा, समाधानाचा आवाज आला आणि ती मातीतून सुटली. एकूण अकरा मिनिटं. साखळीने दोन लागतात.

मी तार गुंडाळत होतो तेव्हा आबा खाली उतरले. हेडभोवती एक फेरी मारली, मागचा हुक चाचपला.

"पंचेचाळीस हॉर्सपॉवरचं हेड, सर. त्याचा तुम्ही खुंटा केला."

मी काहीतरी पुटपुटलो.

"ओढायचे पैसे मी कधी घेतले न्हाईत. शेजारधर्म हाय. पन उभं राह्यचे घेनार. दोनशे."

मी दिले. इतक्या आनंदाने मी आयुष्यात दोनशे रुपये कुणाला दिलेले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमचा हिशोब चुकता झाला होता, आबांकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. जीप धुवायला नेताना मी फाट्यावरून गेलो. आबांचं हेड हॉटेलासमोर उभं होतं. आत बसलेल्या सगळ्यांना त्यांनी माझ्या दोनशे रुपयांतून चहा सांगितला होता आणि गोष्ट वेड्या बाभळीपर्यंत आली होती.